टर्की: अफूच्या वियोगाचा आणि मेंदूतल्या ग्राहींचा इतिहास

१/
ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर पसरली आणि मराठीला तीन शब्द देऊन गेली: गर्द, गर्दुल्ला आणि टर्की. पहिले दोन सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा व्यसनाच्या गल्लीतून आलेला. पुडी मिळाली नाही की काही तासांत शरीराचे जे हाल सुरू होतात, त्याला ‘टर्की लागणे’ म्हणतात. जांभया आवरत नाहीत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहते. अंगावर सर्रकन काटा उभा राहतो, हाडे पिळवटतात, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, झोप उडते. दोन-तीन दिवस हे वाढत जाते आणि मग हळूहळू ओसरते.

मित्रहो, आजचा धागा या टर्कीच्या इतिहासाचा. गड नाहीत, तह नाहीत. तरी हा इतिहासच आहे.

२/
वरकरणी हा विषय वैद्यकाचा. पण त्याच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे: अफू सुटताना माणूस तळमळतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? तो खरोखर आजारी आहे, की पुढच्या मात्रेसाठी सोंग करतो आहे? डॉक्टर, न्यायाधीश आणि तुरुंगाधिकारी यांतल्या अनेकांनी शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या स्वभावात शोधले. मेंदूत शोधण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

३/
पार्श्वभूमी भराभर सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडरबोर्न या जर्मन गावातील एका औषधालयात फ्रीडरिश सेर्टुर्नर हा तरुण साहाय्यक अफूतील गुणकारी द्रव्य वेगळे करत होता. त्या द्रव्याला त्याने ग्रीक स्वप्नदेवतेवरून नाव दिले, तेच मॉर्फिन. १८२७ पासून मेर्क कंपनी ते विकू लागली. शतकाच्या मध्याला इंजेक्शनची सुई आली. १८७४ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात ॲल्डर राइट यांनी मॉर्फिनपासून एक नवे संयुग बनवले आणि १८९८ मध्ये बायर कंपनीने तेच ‘हेरॉइन’ या नावाने खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले.

४/
आपला संबंध याहून जुना आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत कापसाइतकाच या अफूचाही वाटा होता आणि आजचे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या अफू आयोगाने १८९५ च्या अहवालात सांगितले की हिंदुस्थानातील लोक अफू बेताने घेतात आणि त्यातून फारसे नुकसान दिसत नाही. महसूल केवढा होता हे लक्षात घेतले, तर या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही.

पुढे गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देऊन निजवत. हा तपशील ध्यानात ठेवा. इच्छाशक्ती, निश्चय, चारित्र्य हे शब्द ज्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाहीत, अशा तान्ह्या जिवालाही अफूची सवय लागू शकते आणि ती तुटताना त्याचे शरीरही तसेच तळमळते. वादाचे उत्तर तिथेच मिळण्याजोगे होते. कुणी पाहिले नाही.

५/
या तळमळीचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन १८७७ मध्ये बर्लिनच्या एदुआर्ड लेव्हिनश्टाइन यांनी केले. रुग्णाला खोलीत कोंडायचे आणि मॉर्फिन एकदम बंद करायचे, ही त्यांची पद्धत. वांत्या, जुलाब, हृदय खचणे, सारे त्यांनी टिपून ठेवले. तरीही मॉर्फिनची ओढ त्यांना मद्य किंवा जुगार यांच्या ओढीसारखीच वाटली. निरीक्षण शरीराचे आणि निदान वृत्तीचे, ही विसंगती पुढे फार काळ टिकली.

६/
अमेरिकेत तिला कायद्याचे रूप आले. १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफूजन्य औषधांवर नियंत्रण आणले आणि १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की व्यसनी माणसाला केवळ त्याची सवय चालू राहावी म्हणून मॉर्फिन लिहून देणे ही वैद्यकीय उपचाराची चिठ्ठी ठरत नाही. डॉक्टरांनी दारे लावून घेतली. याच सुमारास, १९२९-३० मध्ये, फिलाडेल्फियातील लाइट आणि टॉरन्स या संशोधकांनी मॉर्फिन तोडलेल्या रुग्णांच्या तपासण्या केल्या. मोजण्याजोगा मोठा बिघाड त्यांना आढळला नाही. ज्यांना हे सोंगच आहे असे म्हणायचे होते, त्यांच्या हाती आयता पुरावा आला.

७/
आता केंटकी राज्यातील लेक्झिंग्टनला चला. १९३५ मध्ये तिथे संघ सरकारने एक अजब संस्था उघडली. निम्मी तुरुंग, निम्मी रुग्णालय. भोवती शेती आणि दुभती जनावरे. लोक तिला ‘नार्कोटिक फार्म’ म्हणत. शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले व्यसनी एकाच छपराखाली राहत. विल्यम बरोज हा लेखक आणि जॅझचे कितीतरी नामवंत वादक तिथे राहून गेले. याच आवारात व्यसनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा होती आणि माझ्या मते टर्कीच्या इतिहासातले निर्णायक वळण तिथे आहे.

८/
क्लिफ्टन हिमेल्सबाख या डॉक्टरांनी तिथे एक साधी गोष्ट केली: तळमळीला गुण दिले. जांभई, अश्रू, वाहते नाक, घाम यांना कमी गुण. थरथर, अंगावरचा काटा, विस्फारलेल्या बाहुल्या यांना त्याहून अधिक. अस्वस्थता आणि वांती यांना आणखी अधिक. शिवाय ताप, रक्तदाब, श्वासाची गती, घटलेले वजन यांचा हिशेब वेगळा. बाहुल्या मुद्दाम विस्फारता येत नाहीत आणि काटा ठरवून उभा राहत नाही. दर काही तासांनी मांडलेल्या या बेरजांतून एक आलेख तयार झाला आणि तो माणसागणिक बराचसा सारखा निघाला. सोंगाचा आरोप शास्त्राच्या पातळीवर इथेच ढासळू लागला.

त्यांनी पुढे असेही सुचवले की शरीर आपला तोल राखण्यासाठी मॉर्फिनच्या विरुद्ध जोर लावत असते. मॉर्फिन निघून गेले की तो जोर तेवढा मागे उरतो. कल्पना उत्तम होती. फक्त हा जोर नेमका कुठे लागतो, हे ठाऊक नव्हते.

९/
इथे थांबून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. हे आलेख कशातून आले? व्यसन न लावणारे वेदनाशामक शोधण्याची सरकारला घाई होती. प्रत्येक नवे औषध लेक्झिंग्टनला येई आणि व्यसन सुटलेल्या कैद्यांना, त्यांच्या संमतीने, पुन्हा व्यसन लावून ते त्यांच्यावर तपासले जाई. मोबदला म्हणून शिक्षेत सूट मिळे. काही काळ तर चक्क मादक द्रव्यच मिळत असे. गजाआडच्या व्यसनी माणसाने मॉर्फिनच्या बदल्यात दिलेल्या होकाराला संमती म्हणायचे का? याच प्रयोगशाळेतील हॅरिस इस्बेल यांनी सीआयएच्या पैशावर कैद्यांना एलएसडीही दिले. मेथाडोन आणि पेथिडीन सवय लावतात हे जगाला इथून कळले, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही वाक्ये एकमेकांशेजारी ठेवूनच हा इतिहास वाचावा लागतो.

१०/
१९५३ मध्ये तिथेच एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध झाले. नॅलॉर्फिन नावाचे औषध मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकते, हे आधीच माहीत होते. एब्राहम विकलर, फ्रेझर आणि इस्बेल यांनी ते मॉर्फिनची नियमित मात्रा चालू असलेल्या माणसांना टोचले. काही मिनिटांत टर्की सुरू झाली, तीही पूर्ण जोरात.

नीट विचार करा. मॉर्फिन अजून रक्तात होते, तरी शरीर ते संपल्यासारखे वागत होते. मग मॉर्फिन रक्तात असणे पुरेसे नाही. ते कुठेतरी ‘बसलेले’ असावे लागते आणि नॅलॉर्फिनने त्याला त्या जागेवरून उठवले. ती जागा म्हणजे ज्याला आज रिसेप्टर म्हणतात, मराठीत ग्राही. पण १९५३ मध्ये ती केवळ अनुमानात होती.

११/
अनुमानाला आणखी एक आधार रसायनशास्त्रातून मिळाला. लेव्हॉर्फेनॉल हे प्रभावी वेदनाशामक आहे. डेक्स्ट्रॉर्फन हा त्याचा आरशातला जुळा भाऊ: तेच अणू, तेवढेच अणू, फक्त रचना डाव्या-उजव्या हातासारखी उलट. त्याला मॉर्फिनचा गुण अजिबात नाही. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, म्हणजे मोज्याला ठरावीक आकार आहे. १९७१ मध्ये स्टॅनफर्डचे एव्हरम गोल्डस्टीन यांनी याच युक्तीने मेंदूतील ती जागा पकडण्याची पद्धत मांडली. त्यांच्या प्रयोगात किरणोत्सारी औषध मेंदूच्या ऊतीला चिकटले खरे, पण खऱ्या अर्थाने ‘बसलेले’ जेमतेम २ टक्के होते. बाकी सारे नुसते लडबडलेले. दिशा बरोबर होती, हत्यार बोथट होते.

१२/
हत्याराला धार आली ती युद्धामुळे. मे १९७१ मध्ये दोन अमेरिकी संसद सदस्यांनी व्हिएतनामहून परतून सांगितले की तिथले १० ते १५ टक्के सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले आहेत. १७ जून १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी मादक द्रव्यांना देशाचा पहिला शत्रू ठरवले, नवे कार्यालय उघडले आणि त्याची धुरा मनोविकारतज्ज्ञ जेरोम जाफी यांच्याकडे दिली. संशोधनाला पैसा मिळू लागला. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॉलोमन स्नायडर यांची प्रयोगशाळा त्या लाभार्थींपैकी एक.

१३/
त्या प्रयोगशाळेत कॅन्डेस पर्ट नावाची २६ वर्षांची विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. तिथे येण्याआधी घोड्यावरून पडून ती जखमी झाली होती आणि रुग्णालयात मॉर्फिनचा गुण तिने स्वतः अनुभवला होता. ग्राही शोधण्याचे तिचे आरंभीचे प्रयोग एकामागून एक फसले. स्नायडर यांनी विषय सोडून दे असे सुचवले. तिने सोडला नाही.

तिने चाल बदलली. मॉर्फिनऐवजी त्याचा विरोधक वापरायचा. १९६१ मध्ये पेटंट घेतलेले नॅलॉक्सोन हे औषध नॅलॉर्फिनच्याच जातीचे, पण अधिक निर्भेळ विरोधक. विरोधक ग्राहीला अधिक घट्ट धरून बसेल, असा तिचा कयास होता. तिने किरणोत्सारी नॅलॉक्सोन उंदरांच्या मेंदूच्या लगद्यात मिसळले, लगदा गाळणकागदावर ओतला आणि लडबडलेले औषध झटकन धुऊन टाकले. कागदावर उरले ते खरे बसलेले. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी आकडे हाती आले. लेव्हॉर्फेनॉल नॅलॉक्सोनला जागेवरून हटवत होते. डेक्स्ट्रॉर्फनला ते जमत नव्हते. कुलूप सापडले होते.

१४/
९ मार्च १९७३ च्या ‘सायन्स’ नियतकालिकात पर्ट आणि स्नायडर यांचा निबंध आला. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनमधील उप्साला येथील लार्स टेरेनियस हेही स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले. शोधाची वेळ आली की तो असा दोन-तीन दारांतून एकदम आत येतो.

१५/
पण खसखशीच्या बोंडातील चिकासाठी आपल्या मेंदूत कुलूप का असावे? उत्तर स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून आले. हान्स कोस्टरलिट्झ हे ज्यू असल्याने १९३४ मध्ये नाझी जर्मनी सोडून तिथे आलेले शास्त्रज्ञ. निवृत्तीच्या वयात त्यांनी नवे संशोधन केंद्र सुरू केले. त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जात आणि तिथल्या कामगारांना व्हिस्की देऊन डुकरांचे मेंदू घेऊन येत. डिसेंबर १९७५ मध्ये त्यांनी जाहीर केले की मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखे पदार्थ बनवतो. नाव दिले एन्केफॅलिन. ग्राही त्यांच्यासाठी आहे. अफू घुसखोर आहे, आणि तिच्या चावीचे दाते योगायोगाने जुळतात.

१६/
आता मूळ प्रश्नाकडे: ग्राही सापडल्याने टर्कीचे कोडे कसे उलगडले? १९७५ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शैल के. शर्मा, वर्नर क्ली आणि जनुकीय संकेत उलगडणारे नोबेलविजेते मार्शल निरेनबर्ग यांनी पेशींच्या संवर्धनावर एक सुरेख प्रयोग केला. मला स्वतःला या साऱ्या कथेत तो सर्वांत आवडतो, आणि सर्वांत कमी सांगितला जातो तोही हाच.

मॉर्फिन ग्राहीवर बसले की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या बनवणारे विकर मंदावते. निरोपे घटतात, पेशी सुस्तावते. पण मॉर्फिन दिवसामागून दिवस तिथेच बसून राहिले, तर पेशी त्या विकराची क्षमता वाढवते आणि उत्पादन पुन्हा पूर्वपदाला आणते. म्हणून तेवढ्याच मात्रेचा गुण उरत नाही. मात्रा वाढवावी लागते. आता मॉर्फिन काढून घ्या. ब्रेक सुटला, पण वाढवलेले इंजिन तसेच. निरोपे नेहमीच्या कितीतरी पुढे उसळतात.

हिमेल्सबाख यांचा ‘उलटा जोर’ अखेर कुठे लागतो ते दिसले. सारा माणूस ज्या प्रकाराने तळमळतो, त्याचा लहानसा नमुना बशीतल्या पेशींत घडत होता. त्या पेशींना कसले आले चारित्र्य?

१७/
बशीतून मेंदूकडे जाण्याचे काम १९७८ मध्ये झाले. मस्तिष्कस्तंभात लोकस सेरुलिअस नावाचा चेतापेशींचा पुंजका आहे. नावाचा अर्थ ‘निळी जागा’. नॉरॲड्रेनलिन हे धोक्याच्या वेळी शरीराला जागे करणारे रसायन मेंदूला मुख्यतः तिथून पुरवले जाते. या पेशींवर अफूचे ग्राही आहेत, म्हणून मॉर्फिन त्यांना गप्प करते. येल विद्यापीठाचे जॉर्ज अघाजानियन यांनी उंदरांत दाखवले की मॉर्फिनची सवय झाल्यावर त्याला हटवले की याच पेशी बेभान धडधडू लागतात, आणि रक्तदाबावरचे क्लोनिडिन हे जुने औषध त्यांना शांत करते. त्याच वर्षी येलमधीलच मार्क गोल्ड आणि सहकाऱ्यांनी व्यसनी रुग्णांना क्लोनिडिन दिले. टर्की पुष्कळ उतरली.

आता पहिल्या पोस्टमधील यादी पुन्हा वाचा. घाम, काटा, विस्फारलेल्या बाहुल्या, धडधड: हा कशाचाच धोका नसताना वाजणारा धोक्याचा भोंगा आहे. मुरडा आणि जुलाब यांचे कारण आतड्यांत आहे. तिथेही हेच ग्राही असतात, म्हणून अफूने बद्धकोष्ठ होते आणि ती सुटताना नेमके उलटे. मॉर्फिनने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, वियोगात ती फाकते. टर्की म्हणजे मॉर्फिनच्या परिणामांची जवळजवळ उलटी मुद्रा.

१८/
१९७८ मध्येच लास्कर पुरस्कार जाहीर झाला, वैद्यकातील नोबेलच्या खालोखालचा. मानकरी: कोस्टरलिट्झ, ह्यूज आणि स्नायडर. निबंधावर जिचे नाव पहिले होते, ती पर्ट यादीत नव्हती. तिला समारंभाला पाहुणी म्हणून बोलावले. ती गेली नाही. निषेधाचे पत्र लिहिले आणि ते गाजले. पैसा, जागा, दिशा प्रयोगशाळाप्रमुखाची असते, हा युक्तिवाद मला कळतो. पण सोडून दे म्हटलेला विषय तिने सोडला असता तर? पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून या प्रसंगाकडे तटस्थपणे पाहणे मला जमत नाही, आणि तसा आवही आणत नाही.

१९/
ग्राही अनेक प्रकारचे आहेत. लेक्झिंग्टनच्याच विल्यम मार्टिन यांनी १९७६ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून त्यांना म्यू, कॅपा अशी ग्रीक अक्षरे दिली. मॉर्फिनच्या आद्याक्षरावरून म्यू. १९९३ मध्ये म्यू ग्राहीचे जनुक हाती आले. १९९६ मध्ये ब्रिजित किफेर यांच्या फ्रान्समधील गटाने हे जनुकच नसलेले उंदीर निर्माण केले. त्यांना मॉर्फिन दिले: वेदना कमी झाली नाही. आनंदाची ओढ दिसली नाही. दीर्घकाळ देऊन एकदम उठवले, तरी टर्कीही लागली नाही. वेदनाशमन, सुख आणि वियोगाचे हाल, तिन्ही एकाच कुलपात. व्यसन न लावणाऱ्या मॉर्फिनचा शोध एवढा दुष्कर का ठरला, याचे एक मोठे कारण इथे आहे.

२०/
मग सगळे ग्राहीनेच सुटले का? नाही. व्हिएतनामचे सैनिक आठवा. ली रॉबिन्स यांनी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. सुमारे २० टक्के तिथे व्यसनाधीन झाले होते. पण त्यांच्यापैकी मायदेशी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाले ते फक्त ५ टक्के. ग्राही तेच, माणसे तीच, गाव बदलले. उलट विकलर यांनी लेक्झिंग्टनमध्ये पाहिले होते की गटचर्चेत मादक द्रव्यांचा विषय निघाला की महिनोन्‌महिने कोरडे असलेले रुग्ण जांभया देऊ लागत, त्यांचे नाक वाहू लागे. जुन्या गल्लीची आठवणसुद्धा तो भोंगा वाजवू शकते. ‘तो पुन्हा प्यायला, म्हणजे मुळातच नालायक’ म्हणणाऱ्यांनी विकलर यांची ही निरीक्षणे वाचावीत.

२१/
टर्की बहुधा आठवडाभरात उतरते. ओढ उतरत नाही. अनिल अवचट यांनी ‘गर्द’मध्ये मुंबई-पुण्याच्या मुलांचे जे जग दाखवले, ते या दोहोंच्या मधले. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, ‘मुक्तांगण’ सुरू केले. तोवर ग्राही सापडून तेरा वर्षे झाली होती.

लेक्झिंग्टनमधील कैद्यांवरचे प्रयोग १९७६ मध्ये बंद झाले. ती इमारत आज संघ सरकारचा वैद्यकीय तुरुंग आहे. हिमेल्सबाख यांचे आलेख मात्र अजून वापरात आहेत, सुधारित रूपात: व्यसनमुक्ती केंद्रात आज रुग्णाच्या जांभया, बाहुल्या आणि अंगावरचा काटा पाहून गुण मांडले जातात, तेव्हा त्या तक्त्याचे मूळ तिथे असते. ज्या माणसांच्या अंगावर तो काटा पहिल्यांदा मोजला गेला, त्यांची नावे त्या निबंधांत नाहीत.